मालक, नवरंग फुटबॉल क्लब

नवरंग फुटबॉल क्लब लीगमधून बाद झाला, अवधूत त्याचा मालक म्हणून अपात्र ठरला आणि अपात्र ठरवल्याबद्दल त्याने उभं राहून आभारही मानले. हे शनिवारी दुपारी झालं. आता ते झालंच नाही असं धरून चालू. अवधूतही तसंच धरून चालला होता, आणि त्याच्याकडे तर सबळ कारण होतं. तो अजून त्याच आठवड्यातल्या बुधवारी सकाळी यवतमाळच्या दत्त चौकात, पानटपरीसमोर, बडीशेपेसाठी हात पुढे करून उभा होता. टपरीवाल्याने चिमूटभर बडीशेप त्याच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाला, "घ्या मालक."

अवधूतने मागे वळून पाहिलं. मागे मालक म्हणावं असं कोणी नव्हतं. नेरची एसटी वळण घेत होती आणि एक माणूस कूलरची जाळी तोंडासमोर धरून रस्ता ओलांडायची वाट पाहत होता. जाळीतून त्याचं तोंड चौकोनी चौकोनी दिसत होतं, पण तोही मालक वाटत नव्हता. "कोण मालक?" अवधूतने विचारलं. "कोन म्हनजे? तुमीच ना जी. नवरंगचे. पुऱ्या कळंब चौकात मालूम झालं. मी त म्हटलं आता तुमी बडीशेप सोडून मीठा पान खासान." एवढं बोलून टपरीवाला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला, जणू त्याने फक्त किती वाजले ते सांगितलं होतं. अवधूतला आजवर लोकांनी भाऊ म्हटलं होतं, बेटा म्हटलं होतं, ओ चष्मेवाले, ओ रिपोर्टवाले म्हटलं होतं. एकदा एका पेशंटच्या आजीने चुकून जावईबापू म्हटलं होतं आणि त्यानंतर तो दिवसभर जरा जपून वागला होता. मालक मात्र नवीन होतं. नव्या शर्टाच्या कॉलरमागे लेबल शिवलेलं असतं, ते मानेला टोचत राहतं, हात मागे नेऊन शोधावं तर सापडत नाही, तसा तो शब्द टोचायला लागला. बडीशेप तोंडात टाकायची राहून गेली. मुठीला घाम आला आणि साखरेच्या हिरव्या-गुलाबी दाण्यांचा रंग तळहाताला लागला. क्लबचा झेंडा असावा तसा तो डाग दिसत होता. नवरंगला झेंडा होता का? मालकाला एवढं तरी माहीत असायला हवं, असं त्याला वाटलं, आणि आपल्याला असं वाटलं याचीच त्याला थोडी भीती वाटली.

ज्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये तो कामाला होता तिथे त्याचं काम रिपोर्ट टाइप करण्याचं होतं. रक्त दुसरे काढत, तपासत तिसरे, अवधूतच्या वाट्याला आकडे येत आणि आकड्यांच्या शेवटी त्याने लिहायचं, सामान्य मर्यादेत. या दोन शब्दांची त्याच्या बोटांना इतकी सवय झाली होती की मावसभावाच्या लग्नातल्या आहेराच्या पाकिटावर नवरदेवाच्या नावाखाली त्याने तेच लिहायला घेतलं होतं. स्वतःबद्दलही त्याचं मत साधारण तेच होतं. त्या बुधवारी मात्र एका बाईंचं हिमोग्लोबिन टाइप करताना तो थांबला, कारण समोरच्या खुर्चीवर कोणी नसूनही त्याला तिथे शंकरसिंग राठोड बसलेला दिसायला लागला. महिन्याभरापूर्वी तो तिथेच बसला होता, शर्टाची बाही वर करून, कोपराच्या खळीत कापूस दाबून. शंकरसिंगच्या बोअरवेलच्या गाड्या होत्या. दिग्रसपासून कळंबपर्यंत जमिनीला भोकं पाडून पाडून तो मोठा झाला होता, आणि मोठं झाल्यावर माणसाला काहीतरी आपलं म्हणावंसं वाटतं, म्हणून एका रविवारी मॅच बघताना तो ओरडला होता, "हा क्लब आजपासून माहा!" कोणी हरकत घेतली नाही. हरकत घेता येते का, हेच कोणाला माहीत नव्हतं. तोवर क्लब कोणाचा होता असं विचारलं असतं तर लोकांनी त्या माणसाला पाणी पाजून सावलीत बसवलं असतं.

मग एक हंगाम सगळं झकास चाललं. जर्सीवर पुढे शंकरसिंगचा फोटो आणि मागे बोअरचा दर फुटाप्रमाणे. कामठीहून नयन नावाचा गोलकीपर आला, त्याला बसस्थानकाजवळच्या लॉजमध्ये कूलरवाली खोली मिळाली. आणि मग जमिनीतलं पाणीच आटलं. भोकं पाडावीत तिथून नुसता फुफाटा निघायला लागला, आणि फुफाट्याचे पैसे कोण देतो? नेरकडच्या एका गावाने त्याची गाडी अडवून ठेवली, पाणी लागेल तेव्हा घेऊन जा म्हणाले. पाणी अजून लागलेलं नाही. इकडे लॉजवाल्याने नयनला अडवून ठेवलं, भाडं येईल तेव्हा जा म्हणाला. भाडंही अजून आलेलं नाही. नयन स्वभावाने शांत. बसून बसून कंटाळला म्हणून तो काउंटरवर बसायला लागला, आणि आता तोच लॉज चालवतो. गिऱ्हाइकाने किल्ली लांबून फेकली की डावीकडे झेपावून झेलतो. रविवारी मॅचपुरती त्याला सुट्टी मिळते, पण सोबत लॉजचा वेटर येतो आणि गोलपोस्टच्या मागे स्टूल टाकून बसतो, गोलकीपर पळून जाऊ नये म्हणून.

या सगळ्याची लीगने दखल घेतली. म्हणजे वऱ्हाड रविवार लीगच्या अध्यक्ष मंजुषा गुल्हाने मॅडमनी घेतली. मॅडम शाळेतून पीटीच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या, वाईट अजिबात नव्हत्या. त्यांच्या लहानपणीचा क्लब त्याच्या मालकाने मैदानासकट प्लॉट पाडून विकला होता, आणि गोलपोस्ट होता तिथे आज एका दंतवैद्याचं गेट आहे. मॅडम त्या रस्त्याने जाताना अजूनही मान वळवतात. असं पुन्हा कोणाचं होऊ नये म्हणून त्यांनी मालकांसाठी नियम आणले. कोणाच्याही हाती क्लब जाऊ नये. मालक एकच असावा, त्याच्यावर कर्ज नसावं, केस नसावी, एकाच वेळी दोन क्लब नसावेत. नियम कुठल्यातरी थंड देशातल्या लीगचे घेतले होते आणि मॅडमच्या भाच्याने ते कॉम्प्युटरकडून मराठीत करून आणले होते. आमसभेत ते वाचले गेले तेव्हा खालून आलुबोंड्यांचा वास येत होता, त्यामुळे सगळे एकमताने मंजूर झाले, बर्फाच्या नियमासकट. बर्फ पडल्यास मैदान मोकळं करण्याची जबाबदारी मालकाची राहील. यवतमाळात बर्फ फक्त रसवंतीवाल्याकडे असतो, पण एकदा मंजूर झालेला नियम पुढच्या आमसभेशिवाय काढता येत नाही, आणि आमसभेला कोरम होत नाही.

तर शंकरसिंग नियमात बसत नव्हता, म्हणून तो लॅबमध्ये येऊन बसला होता. "तुह्या नावावर काय काय हाय, भिया?" त्याने विचारलं. काहीच नाही, अवधूत म्हणाला. "गाडी?" बाबांच्या नावावर आहे. "कर्ज?" कोणी देत नाही. "केस?" अजून कोणी केली नाही. "लगन?" अवधूतने नुसती मान हलवली. शंकरसिंगच्या डोळ्यांत पाणी आलं. "असा मानूस मले पुऱ्या जिल्ह्यात भेटला नाही. राजा, तू फक्त नाव दे. बाकी मी पाहून घेतो." आणि अवधूतने नाव दिलं. काहून दिलं, हे आता बुधवारी आठवायला गेलं तर काही सापडत नव्हतं. फक्त कापसाला लागलेल्या स्पिरिटचा वास, आणि शंकरसिंगची साखर मर्यादेबाहेर आल्याचं आपणच टाइप केल्याची अंधुक आठवण. अवधूतच्या घरात नाव द्यायची रीतच होती. बाबा तहसील कचेरीत होते. कोणाचं कोर्ट मॅरेज असो, कुठे पंचनामा असो, साक्षीला माणूस कमी पडला की लोक बाबांना बोलवून नेत. बाबा जात, सही करत, चहा पिऊन परत येत. कोणाचं लग्न होतं, कशाचा पंचनामा होता, ते घरी कधी कळलं नाही. सही मागायला दारात आलेल्या माणसाला कारण विचारणं हे त्या घरात पाहुण्याला तू किती पोळ्या खाणार असं विचारण्यासारखं होतं. त्यामुळे अवधूतला वाटलं होतं की क्लबचा मालक होणं हाही साक्षीदार होण्याचाच एखादा प्रकार असेल. सही करायची, चहा प्यायचा. शंकरसिंगने चहा पाजलाही होता.

गुरुवारी संध्याकाळी तो शकीलच्या दुकानात गेला. शकील कूलरच्या मोटारी भरून द्यायचा आणि रविवारी नवरंगला शिकवायचा. दोन्ही कामांत त्याच्या तोंडी एकच वाक्य असे, गरम झाली का बंद पडते. उन्हाळा तोंडावर आलेला, दुकानात जळक्या तारांचा वास, आणि जमिनीवर उघड्या पोटाच्या मोटारी ओळीने. "आले, मालक आले," शकील म्हणाला. "ए अम्मी, खुर्ची दे, मालक उभे हायेत." "तू तरी म्हणू नको बे," अवधूत म्हणाला. "शनिवारी लीगने बोलावलंय मला. सुनावणी आहे." "मंग? जाय न. तू काही चोरी केली काय?" "मला विचारणार की मालक म्हणून तू काय करतोस." "त सांग, काही करत नाही म्हनून. मालक लोक काही करतेत काय?" आतून शकीलची आई, जैनबबी, उकडलेल्या चण्यांची परात घेऊन आली. तिला सगळा संघ खाला म्हणायचा. तिने अवधूतकडे निरखून पाहिलं. "बेटा, खरंच मालक झाला तू? मालक त महिन्याच्या महिन्याले भाडं मांगाले येते. तू त कधी आला नाही." "मी नावाचा मालक आहे, खाला." "नावाचाच असते, बेटा. घर त ज्याच्यात राह्यते त्याचंच असते. पर हाकलते मातर नाववालाच," ती म्हणाली आणि त्याच्या हातावर चणे ठेवले. चणे गरम होते. अवधूतला एकदम सांगावंसं वाटलं की खाला, शनिवारी मी चुकीचं बोललो तर हे बंद होईल. पण हे म्हणजे काय ते त्याला नेमकं मांडता येईना, आणि तोंडात चणे होते.

हे म्हणजे रविवार. शुक्रवारी दिवसभर लॅबमध्ये त्याने तेवढाच विचार केला. सोमवार ते शनिवार अवधूतला कोणी शोधत नसे. बाबा टीव्ही पाहत, तो बाबांच्या शेजारी बसून टीव्ही पाही, जाहिरात लागली की दोघं एकदमच दुसरीकडे बघत. रविवारी सकाळी मात्र कापसाच्या जिनिंग मिलच्या मागच्या पटांगणावर उशिरा पोचला तर लांबूनच हाका येत, "कुठं मेलता बे!" कोणीतरी कुठे मेलता म्हणून विचारणं, याच्यासाठी तो आठवडाभर जगत होता असं म्हटलं तर फार होईल, पण त्याच्या रिपोर्टात याखेरीज मर्यादेबाहेरचं काही नव्हतं. तो कधी खेळला नाही. लहानपणी एकदा खेळला, तेव्हा चेंडू चष्म्यावर बसला. त्याचं काम मॅच संपल्यावर सुरू व्हायचं. नवरंगची चादर फिरायची. जैनबबीच्या घरची निळी फुलाफुलांची चादर चौघांनी चार कोपऱ्यांना धरायची आणि मैदानाभोवती चालायचं. बघणारे जे हाताशी असेल ते टाकत. नोटा, नाणी, लिंबं, ग्लुकोजचे पुडे, बुटाची एकच लेस, एकदा जिवंत कोंबडी. एक कोपरा शकीलचा, एक जैनबबीचा, एक जो कोणी असेल त्याचा, आणि चौथा अवधूतचा. चादर जड होत जायची तसं कापड बोटांत रुतायचं, आणि बाकीचे तिघं कुठल्या बाजूला वळणार ते न बोलता हातातल्या ताणावरून कळायचं. अवधूतला दुसऱ्या माणसाच्या मनातलं एवढं स्पष्ट आणखी कुठेही कळलेलं नव्हतं. आता या चादरीचा मालक कोण? चादर खालाची. कोंबडी ज्याने टाकली त्याची, किंवा मग ज्याने खाल्ली त्याची. आणि जे चौघांच्या मधे लोंबत होतं, जे एकानेही हात सोडला तर सांडलं असतं, ते कोणाच्या नावावर? तो इतका गोंधळला की एका पुरुषाच्या रिपोर्टवर त्याने गरोदरपणाची तपासणी टाइप केली, आणि ती सामान्य मर्यादेत असल्याचंही.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, "मालक झालास म्हणे?" "हो." "पेन्शन आहे का त्याला?" "नाही बहुतेक." बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला. "मग सुट्टीचा अर्ज कोणाकडे द्यायचा?"  अवधूतला आता तीच काळजी लागली.

लीगला ऑफिस नव्हतं. आर्णी रोडवरच्या एका मंगल कार्यालयातली वरपक्षाची खोली, लग्न नसेल त्या दिवशी, मॅडमना मिळायची. त्या शनिवारी लग्न होतं, पण वऱ्हाड ढाणकीहून यायचं होतं आणि उशीर करणार हे ठरलेलंच होतं, म्हणून दुपारपर्यंत खोली मोकळी होती. खाली हळदीची गाणी चालू झाली होती. डीजेच्या ठोक्याबरोबर खिडकीच्या काचा थरथरत होत्या. खोलीत पलंग, पलंगावर मॅडम आणि दोन सदस्य, समोर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर अवधूत, आणि पलंगामागच्या आरशावर आधीच्या कुठल्यातरी नवरीने चिकटवलेल्या टिकल्या. मॅडमच्या गळ्यात शिट्टी होती. त्यांनी ती वाजवली आणि सुनावणी सुरू झाली. "तुमच्या क्लबचं उत्पन्न कशातून येतं?" "चादरीतून." "चादरीत कुठून येतं?" "लोक टाकतात." "कोण लोक?" "असतात," अवधूत म्हणाला. एका सदस्याने स्रोत अस्पष्ट असं मोठ्याने म्हणत लिहून घेतलं. "गोलकीपरला लॉजमध्ये डांबून ठेवलंय, हे खरं?" "तो आता मॅनेजर आहे, मॅडम." "आणि बर्फ?" अवधूतने चष्मा पुसला. "कुठला बर्फ?" मॅडमनी शांतपणे समजावून सांगितलं की जिनिंग चालू असताना सरकी-कापसाची रुई उडून नवरंगचं मैदान पांढरं होतं, हे समितीने स्वतः पाहिलं आहे, पांढरं, थराथराने साचणारं आणि चेंडू अडवणारं जे काही असेल ते नियमाच्या दृष्टीने बर्फ. "मग ते उचलायची काय व्यवस्था आहे?" "खाला वेचते. उशा भरते." "म्हणजे मैदानावरच्या बर्फाची क्लबशी संबंधित व्यक्तीने उशांसाठी विल्हेवाट लावली," सदस्य लिहू लागला. अवधूतने नाही म्हणायला तोंड उघडलं तर मॅडमनी खिशातून पिवळं कार्ड काढून त्याला दाखवलं. मध्ये बोलल्याबद्दल.

मग मॅडम पुढे झुकल्या, आणि त्यांचा आवाज बदलला. "हे बघा, हे बाकीचं आपण सांभाळून घेऊ. मला एकच सांगा. हा क्लब उद्या गेला तर तुमचं काय जाईल? ज्याचं काही जातं त्यालाच मी मालक धरते. कागदावर कोणीही असो." हा प्रश्न नियमात नव्हता. तो मॅडमचा स्वतःचा होता, दंतवैद्याच्या गेटपासून आलेला. आणि आपण आत्ता एका वाक्यात उत्तर दिलं तर सगळं वाचतं, हे अवधूतला इतकं लख्ख दिसलं की त्याने ते वाक्य नीट, खरं, बरोबर बोलायचं ठरवलं. काय जाईल? रविवार जाईल. पण रविवार तर सगळ्यांनाच येतो, तो क्लबमुळे येत नाही. हाका जातील. पण हाका आपल्या मालकीच्या नव्हत्या, त्या दुसऱ्यांच्या तोंडच्या होत्या. दुसऱ्याचं ते आपलं जाणार असं कसं म्हणायचं? बोटांत रुतणारं कापड जाईल. पण तो एकच कोपरा. बाकीचे तीन कोपरे ज्यांचे त्यांचं किती जाईल? सगळ्यात जास्त आपलंच जाईल असं म्हटलं तर खालाचं कमी केल्यासारखं होईल. त्याला आरशातल्या टिकल्यांमध्ये स्वतःचं तोंड दिसत होतं. कपाळावर एक टिकली बरोबर मधोमध आली होती. तो जरा सरकला तर ती गालावर आली. खाली गाणं संपलं आणि दुसरं सुरू झालं. अवधूत अजून वाक्य जुळवत होता.

दाराबाहेरच्या जिन्यात शकील उभा होता. तो एकटा नव्हता. अवधूतला धीर म्हणून त्याने सगळ्यांना आणलं होतं. आतली शांतता त्यांना बाहेरून फार भयंकर वाटली असावी. दार ढकलून शकील आत आला, हात वर केला आणि म्हणाला, "मॅडम, याले काहून त्रास देता? मालक मी हाय." अवधूत म्हणाला, "शकील, थांब." "तू चूप बस बे. मॅडम, हा गरीब मानूस हाय, याले काही मालूम नाही. जे काही लिहाचं ते माह्यावर लिहा." त्याच्या मागून जैनबबी आली. "याच्यावर नका लिहू बाई, याच्यावर लेकरं हायेत. चादर माही हाय, उशा माह्या हायेत. मालक मीच." मग नयन, लॉजच्या किल्ल्यांचा जुडगा हातात : "इतके महिने माझ्याच नावावर खोली आहे, मॅडम. मालक मी." त्याच्यासोबतचा वेटर म्हणाला, याच्यावर लक्ष मी ठेवतो, त्या हिशोबाने मी. टपरीवाल्याने, दुकान सोडून आलो म्हणजे काहीतरी असेलच, असं सांगून हात वर केला. आणि तेवढ्यात खोलीच्या संडासाचं दार उघडून शंकरसिंग बाहेर आला. सुनावणी ऐकायची परवानगी नसल्यामुळे तो सकाळपासून तिथे बसला होता. त्याचे डोळे लाल झाले होते. "खरा मालक मी होतो," तो म्हणाला, "अन् मीच बुडवला. शिक्षा मले द्या. या भियाले सोडा." वरपक्षाचे एक काका दाढीचं सामान घ्यायला खोलीत आले होते, सगळ्यांचे हात वर पाहून त्यांनीही हात वर केला आणि शेजारच्याला हळूच विचारलं, "कायचं हाय हे?"

मॅडमनी सगळ्यांकडे पाहिलं.  त्यांच्या चेहऱ्यावर असं काहीतरी आलं की अवधूतला वाटलं त्या आता स्वतःही हात वर करतील. मग त्यांनी चष्मा घातला आणि नियम पाहिला. एका क्लबला एकच मालक. एकापेक्षा जास्त व्यक्तींनी मालकी सांगितल्यास क्लब तत्काळ बाद. आणि घोषित मालकाने मालकी सांगितलीच नाही तर तोही अपात्र. "मी काय करू?" त्या सदस्याला म्हणाल्या, पण डीजेमुळे ते फक्त अवधूतला ऐकू आलं. "हा नियम मीच केलाय. तो विकणाऱ्यांसाठी केला होता. हे असे येतील असं माझ्या डोक्यातच आलं नाही." त्यांनी लाल कार्ड काढलं आणि वर धरलं. "तुम्ही का नाही बोललात हो?" त्यांनी अवधूतला विचारलं. "जुळवत होतो," अवधूत म्हणाला. मग उठून उभा राहिला, आणि सही करून निघताना बाबा म्हणत तेच म्हणाला, "आभारी आहे."

नेमकं तेव्हाच ते दाढीवाले काका रागावून खोलीबाहेर गेले, कारण लाल कार्ड आपल्याला दाखवलं असं त्यांना वाटलं. आणि शकीललाही ते काकांनाच दाखवलं असं वाटलं. जिन्यात त्याने अवधूतला मागून मिठी मारली. "वाचोलं का नाही तुले? अन् त्या बुढ्याले कसं बाहेर काढलं मॅडमनं! वरातीतला मानूस क्लबचा मालक म्हनून राह्यला, लाजच नाही!" "शकील, ते कार्ड…" "अबे सोड कार्ड. तुह्यावरचं बालंट गेलं न? मी अम्मीले म्हटलंच होतं, सगळेच मालक म्हटलं त कोनाकोनाले धरतीन?" खाला त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. शंकरसिंग नाक पुसत हसत होता. खाली मांडवात कोणीतरी त्यांना वऱ्हाडातलेच समजून मठ्ठ्याचे ग्लास हातात दिले, आणि सगळे गोल उभे राहून ते प्यायले. मठ्ठा थंड होता, त्यात आलं जास्त झालं होतं. आता सांगायला हवं, अवधूतला वाटलं. मालकानेच सांगायला हवं. पण आपण तर मालक नाही, तसं अधिकृतपणे ठरलंच आहे; मग कोणत्या नात्याने सांगायचं? त्याने पुन्हा वाक्य जुळवायला घेतलं. इतक्यात शकीलने ग्लास ठेवला. "चाल, निंगतो. उद्या जरा लवकर ये बे. दारव्ह्याची टीम हाय, लय बदमाश हायेत." "येतो," अवधूत म्हणाला.

मग तो लॅबवर गेला. शनिवारी संध्याकाळी लॅबमध्ये रिपोर्ट न्यायला येणारे दोन-चारच असतात. त्याने कॉम्प्युटर सुरू केला. समोर रोजचा रिकामा रिपोर्ट आला, वर पेशंटचं नाव, वय, लिंग, कोणाच्या सांगण्यावरून. नावाच्या जागी काय लिहावं ते न कळल्याने ती जागा तशीच सोडून त्याने खाली टाइप करायला सुरुवात केली.

प्रति, मा. अध्यक्ष, वऱ्हाड रविवार लीग. महोदया, वरील प्रकरणी सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार हा नवरंग फुटबॉल क्लबचा मालक आहे किंवा नाही, हे अर्जदारास आजपर्यंत निश्चित सांगता आलेले नाही. आजच्या सुनावणीत ज्या ज्या व्यक्तींनी मालकी सांगितली त्यांपैकी कोणासही खोटे ठरवण्याची अर्जदाराची तयारी नाही. आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर अर्जदार जुळवत असून ते पूर्ण होण्यास किती कालावधी लागेल हे सांगणे कठीण आहे. तरी दरम्यानच्या काळात सदर क्लबच्या नावापुढे मालकाच्या रकान्यात 'माहीत नाही' असे लिहिण्याची विशेष परवानगी मिळावी, 'माहीत नाही' यांस एकच व्यक्ती समजण्यात यावे, त्यांच्यावर कर्ज व केस नसल्याची खात्री करून त्यांना योग्य व सक्षम ठरवावे, आणि तसा आदेश उद्या सकाळी सामना सुरू होण्यापूर्वी काढण्यात यावा. क्लबला पत्ता नसल्याने आदेशाची प्रत मैदानावर जो प्रथम भेटेल त्याच्या हाती द्यावी, ही विनंती.